आलिशान गाडीचे जादा पर्याय: चालक-साहाय्यावर खर्च करावा की आरामावर?

आलिशान मोटार घेताना मॉडेल आणि इंजिन ठरले, तरी पर्यायी सुविधांच्या यादीपाशी बहुतेकांचे घोडे अडते. आपल्याकडे ही यादी युरोपइतकी लांब नसते, कारण यांतील बऱ्याच गाड्यांची जुळणी देशातच होते (मर्सिडीजची चाकणला, ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ) आणि त्या ठरावीक सुविधांच्या संचासहच विकल्या जातात. परदेशातून पूर्ण बांधणी होऊन येणाऱ्या गाडीत निवडीला वाव अधिक असतो, पण तिची वाटही अधिक पाहावी लागते. त्यामुळे वरच्या व्हेरिएंटसाठी जे चार-सहा लाख जादा मोजायचे, त्यांतून चालक-साहाय्य (गाडी चालवताना इशारे देणाऱ्या किंवा मदत करणाऱ्या सुविधा) घ्यावे की आराम, असाच प्रश्न प्रत्यक्षात बहुतेक वेळा समोर येतो.

याचे उत्तर गाडीत कोण कुठे बसणार यावर अवलंबून आहे. मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची ५ सिरीज या दोन्ही गाड्या भारतात लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर वाढवलेल्या) रूपात मिळतात, त्या मागे बसणाऱ्या मालकासाठीच. ज्याला ड्रायव्हर ठेवायचा आहे त्याने आधी मागच्या सीटचा कल, मागच्या एसीचे स्वतंत्र नियंत्रण आणि खिडक्यांचे पडदे पाहावेत. ज्याला स्वतः स्टिअरिंग धरायचे आहे त्याने पुढचे दोन परिच्छेद सावकाश वाचावेत.

चालक-साहाय्याच्या सुविधांचे माझ्या लेखी दोन गट पडतात: नजर ठेवणाऱ्या आणि गाडीचा ताबा घेणाऱ्या. ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूचा) इशारा, रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाची सूचना आणि ३६० अंशांचा कॅमेरा हा पहिला गट. या सुविधांना रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांची गरज नसते, आणि डावीकडून घुसणारी दुचाकी ही जिथे रोजची बाब आहे त्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर त्या रोज कामी येतात. दुसऱ्या गटात पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आणि लेन सांभाळणारे स्टिअरिंग येते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १०० किमीची मर्यादा लावून क्रूझ सुरू केला, की ही सुविधा सुखद वाटते; पण गाडीने पुढे राखलेले अंतर म्हणजे इतरांना घुसायला मोकळी जागा, आणि कोणी घुसले की आपली गाडी वेग कमी करते, पुन्हा अंतर तयार करते, त्यात पुन्हा कोणी शिरते. उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेल्या ट्रकवर तिच्याकडे उपाय नाही. समृद्धी महामार्गावर, जिथे मर्यादा १२० आणि वर्दळ तुलनेने कमी आहे, तिथे मात्र तिचे मोल पटते. महिन्यातून दोन-चारदा नागपूर किंवा नाशिक गाठणाऱ्याने ती जरूर घ्यावी; ज्याचे फिरणे कोथरूड ते हिंजवडी इतकेच आहे त्याने तिच्यासाठी वरचे व्हेरिएंट घेऊ नये.

आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक या दोन्ही गटांच्या सीमेवर बसतो, आणि तो मिळत असेल तर नाकारू नये असे मला वाटते. एखादी रिक्षा अचानक आडवी आली की तो गरजेपेक्षा आधी लागू शकतो आणि मागचा वाहनचालक बेसावध असतो, ही तक्रार खरी आहे. परंतु अनेक गाड्यांत इशाऱ्याची वेळ लवकर, मध्यम किंवा उशिरा अशी ठरवता येते, ती शोरूममधून गाडी घेतानाच दाखवून घ्यावी. सध्या इथे मिळणाऱ्या या प्रणाली दुसऱ्या पातळीपर्यंतच्या आहेत, म्हणजे गाडीने स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळले तरी जबाबदारी चालकाचीच राहते. शिवाय रडार पुढच्या जाळीच्या किंवा बंपरच्या मागे आणि कॅमेरा पुढच्या काचेच्या वरच्या भागात असतो. पावसाळ्यात चिखल बसला की प्रणाली तात्पुरती बंद असल्याचा संदेश येतो, आणि काच बदलली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, नव्याने करावे लागते. त्याचा खर्च विम्यात येतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे. (पगारी ड्रायव्हर लेनचा इशारा पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकतात, हेही गृहीत धरावे.)

आरामाच्या यादीत सर्वांत वादाची जोडी म्हणजे एअर सस्पेन्शन आणि मोठी चाके. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर गाडी तोलणारी यंत्रणा) गाडी काही सेंटिमीटर उचलते, आणि सोसायटीच्या गतिरोधकावर किंवा तळघरातील पार्किंगच्या उतारावर तेवढेच पुरते. मात्र हमी संपल्यावर त्याची दुरुस्ती महाग पडते, म्हणून ते घ्यायचे तर वाढीव हमीसह. मोठ्या अलॉय चाकांचा टायर मात्र पातळ बाजूचा असतो आणि खड्ड्यात आपटून त्याला फुगा येण्याची शक्यता वाढते. १८ इंचांची चाके मिळत असतील तर २० इंचांचा मोह टाळावा. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ८० किमी अंतर ताशी ८० च्या वेगाने नेतात, पण ते कडक असतात आणि अशा गाडीत बरेचदा स्टेपनी नसते. कोकणात किंवा आडगावी वारंवार जाणाऱ्याला स्टेपनीचा भरवसा अधिक.

पॅनोरमिक सनरूफ आणि हवेशीर सीट यांत मी बिनदिक्कत सीट निवडेन. एप्रिल-मे महिन्यात काचेचे छत उष्णता वाढवते आणि उंच माणसाच्या डोक्यावरची जागा कमी करते. सीटमधून खेळणारी हवा मात्र वर्षातले आठ महिने उपयोगी पडते. हेड-अप डिस्प्ले (वेग वगैरे चालकासमोरच्या काचेवर दाखवणारी सोय) घ्यायचा तर आपला पोलराइज्ड गॉगल लावूनच पाहावा, कारण त्यातून अनेकदा काचेवरचे आकडे अस्पष्ट किंवा दिसेनासे होतात. मसाज आणि अलगद बंद होणारी दारे यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिल्लक उरली तर घ्यावीत. स्वतःहून पार्किंग करणाऱ्या सुविधेचेही तेच, कारण चांगला कॅमेरा असेल तर अनेकांना तिची गरज भासत नाही.

कंपनीतून बसवून येणारा पर्याय एक्स-शोरूम किमतीत धरला जातो आणि त्यावर मोटार वाहन करही (रोड टॅक्स) लागतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावर नोंदणी केल्यास २० टक्के कर आहे. म्हणजे ५ लाखांचा संच पेट्रोल गाडीवर कराने ६५ हजारांनी, तर कंपनीच्या नावावर १ लाखाने वाढतो, आणि त्यावर विम्याचा हप्ता वेगळा. सीटचे आवरण किंवा डॅशकॅम नंतरही बसवता येतो. रडार, एअर सस्पेन्शन आणि सीटमधील पंखे मात्र नंतर बसवणे व्यवहार्य नसते. कोटेशन मागताना व्हेरिएंटचा फरक कर आणि विम्यासह ऑन-रोड आकड्यात, वैयक्तिक आणि कंपनी अशा दोन्ही नावांनी लेखी मागावा.