सोळा किमो आणि ‘तुमचे नाव काय?’ हा प्रश्न

नागपुरातील एका खासगी रुग्णालयाच्या डे-केअर विभागात फेब्रुवारी ते जुलै असे जवळपास सहा महिने माझ्या स्तनाच्या कर्करोगावर किमोथेरपीचे (किमोचे) उपचार झाले. आधी दर २१ दिवसांनी लाल रंगाच्या किमो-औषधाच्या चार फेऱ्या आणि नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या किमो-औषधाच्या बारा. खाटा, स्वच्छता, डॉक्टरांचे बोलणे यांविषयी माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते केवळ नाव विचारण्याविषयी.

पहिल्या दोन फेऱ्यांना सिस्टर सुई लावण्याआधी माझे नाव आणि नोंदणी क्रमांक विचारीत, तेव्हा फाईल समोर असताना हा त्रास कशाला, असे वाटून मी चिडत असे. तिसऱ्या फेरीला चंद्रपूर-बालाघाटकडील रुग्णांची फार गर्दी होती. त्या दिवशी सिस्टरने माझे पहिले नाव घेऊन ‘तुम्हीच ना काकू?’ एवढेच विचारले. उलटीच्या इंजेक्शनाने गुंगी आलेली असल्यामुळे मी मान हलवली आणि पिशवी स्टँडवर लागली. सुनेने लेबल वाचले, तर आडनाव आणि क्रमांक दुसऱ्याच बाईंचे होते. औषध सुरू झाले नव्हते, एवढेच नशीब.

किमोची मात्रा त्या त्या रुग्णाच्या उंची-वजनावरून काढलेली असते, आणि लाल औषधाला तर हृदयाच्या काळजीपोटी आयुष्यभरातील एकूण मात्रेची मर्यादा आहे. म्हणून ‘तुम्हीच ना?’ असे विचारणे ही तपासणी होऊच शकत नाही, कारण थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव रुग्णाच्या तोंडूनच यायला हवे.

मी हे विभागात सांगितले, तेव्हा मिळालेले ‘काही झाले तर नाही ना’ हे पहिले उत्तर मला फार लागले. मी लेखी पत्र दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या रुग्ण सुरक्षा दिनाचा विषयच रुग्णांचा सहभाग हा ठेवला होता, हेही त्यात लिहिले. दोन आठवड्यांनी मेट्रनबाईंनी बोलावून घेतले, सगळे शांतपणे ऐकले, आणि त्यानंतर दोन सिस्टर मिळून लेबल वाचू लागल्या व क्रमांक रुग्णाकडून वदवून घेऊ लागल्या. त्यामुळे माझे मत बदलले. आता मी हे रुग्णालय इतरांना सुचवते.

तापाबाबत मात्र सूचना अपुऱ्या होत्या. १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला की लगेच कळवायचे, हे तोंडी सांगितले, पण रात्री कोणत्या क्रमांकावर, हे कागदावर नव्हते. नागपूरच्या मे महिन्यात अंग उन्हाने तापले की आजाराने, हे थर्मामीटरशिवाय समजत नाही.

शेवटच्या फेऱ्यांत शेजारच्या खाटेवर बालाघाटच्या एक बाई असत. त्यांना मराठी कळत नसे, नोंदणी क्रमांकही पाठ नव्हता. तो मी त्यांच्या फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. विभागातली सूचनांची पाटी अजूनही फक्त मराठी आणि इंग्रजीत आहे. हिंदी पाटीसाठी मी दुसरे पत्र दिले आहे.