सायकलच्या इंडिकेटरपायी साडेसहा हजार

आधीच सांगतो, मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली आहेत. 'आपला पिन कोणालाही देऊ नका' ही पाटी माझ्याच टेबलामागे होती. घरात यावरून जे ऐकून घ्यायचं ते ऐकून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

जूनमध्ये फोनवर एक व्हिडिओ आला. रात्रीचा रस्ता, एक सायकलवाला, मागून ट्रक. मग मराठीत आवाज : 'एक जुलैपासून सायकलला इंडिकेटर सक्तीचे, नसल्यास हजार रुपये दंड.' शेजारी पांढऱ्या शर्टातल्या वाहतूक पोलिसाचा फोटो. मी रोज कर्वेनगरहून डेक्कनला सायकलने जातो. पावसाळ्यात संध्याकाळी रेनकोट घालून निघालो की मागच्याला मी दिसतोय का, ही धास्ती मनात होतीच. खाली सायकलच्या इंडिकेटर दिव्याची जाहिरात : किंमत १,४९९, पार्सल हातात आल्यावर पैसे. म्हटलं, यात फसण्यासारखं काय आहे? मागवला.

असा काही नियम नाही. इंडिकेटरची भानगड मोटार वाहनांची. पायडल मारून चालणारी सायकल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येत बसतच नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारलं असतं तर त्याने तिथेच हसून वाटेला लावलं असतं. विचारलं नाही.

पार्सलवाला पोरगा म्हणाला, "काका, आधी पैसे, मग उघडा." उघडलं तर काडेपेटीहून जरा मोठा लाल दिवा, सीटखाली बसवायचा, आणि हँडलला लावायचा रिमोट. दिव्यावरच्या डाव्या-उजव्या बाणांमध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर. सोसायटीच्या गेटपाशी मुलाला उभं केलं आणि बटणं दाबून पाहिली. वीसेक पावलांवरून डावा लुकलुकतोय की उजवा, त्याला काही सांगता येईना. "बाबा, नुसता लाल ठिपका दिसतोय." मोटारसायकलचे इंडिकेटर दोन्ही बाजूंना बाहेर का काढलेले असतात, ते तेव्हा डोक्यात शिरलं. जाहिरातीत सायकलच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर लेझरच्या लाल रेघा पडत होत्या. तशा पडतात, पण आमच्या अंधाऱ्या जिन्यात. रस्त्याच्या दिव्यांखाली त्यांचा पत्ता नाही. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' आणि चार्जिंगच्या भोकावर साधं रबरी टोपणसुद्धा नाही.

तरी लावला. पैसे घातलेत तर वापरू, हा आपला स्वभाव. पण बटण हाताशी आल्यावर मी हात दाखवायचं सोडलं, मान वळवून मागे बघणंही कमी झालं. दुसऱ्याच आठवड्यात भर पावसात आमच्या गल्लीकडे वळताना उजवं बटण दाबलं आणि बिनधास्त उजवीकडे सरकलो. मागे एक छोटा हत्ती करकचून थांबला. दिव्यात पाणी शिरलं होतं, तो पेटलाच नव्हता. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं : "ओ काका, हात दाखवायला पैसे पडतात का?"

मी तर हात न दाखवण्याचे १,४९९ मोजले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पैसे परत मागायला गेलो. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार घेणारा अधिकारी दाखवलाच पाहिजे, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. यांच्याकडे फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. त्यावर लिहिलं तर दहा मिनिटांत फोन. इतका गोड आवाज की मलाच अपराधी वाटलं. "सर, रिफंड मंजूर आहे. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा. ४,९९९ दिसेल, तो आमचा कोड आहे. पिन टाकलात की तुमचे १,४९९ जमा." आणि मी टाकला. खात्यात पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही, हे मी काउंटरवरून किती जणांना सांगितलं असेल! मेसेज वाजला, ४,९९९ वजा. "चुकून झालं सर, दुसरा क्यूआर पाठवतो," म्हणाला तेव्हा फोन कापला.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. अशा प्रकारात जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात, म्हणून तो आधी करा. मालाची तक्रार नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक मिळालेत. पैसे अजून नाहीत.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला दिवा दाखवला. "हाच माझ्याकडे साडेतीनशेला पडून आहे, कोणी नेत नाही," म्हणाला. त्याने मागे एक साधा लाल दिवा बसवला आणि पायडलना पिवळे रिफ्लेक्टर. ते वरखाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे मागच्याला लांबूनच कळतं. वळताना आता मागे बघतो आणि हात लांब काढतो.

काल तोच व्हिडिओ पुन्हा आला. दुकानाचं नाव वेगळं, पोलीस तोच. दंड आता दोन हजार झालाय.