सांता घरी आला, ओटीपी मागून गेला

रेटिंग आधीच सांगून टाकते, केकला तीन स्टार, सांताला पाच, आणि ज्यांनी हे पॅकेज काढलं त्यांना एक, तो पण खोका छान होता म्हणून.

तर झालं असं की सांगलीत विश्रामबागच्या एका बेकरीनं (नाव लिहीत नाय, उगाच त्या पोराच्या पोटावर पाय नको) नाताळची स्कीम काढली, ७९९ रुपयात अर्धा किलो प्लम केक, एक लाल टोपी, पाच चॉकलेटं आणि २४ तारखेला संध्याकाळी ७ ते ८ च्या मधे सांता घरी येणार, दहा मिनिटं. आमची पोरगी सहा वर्षांची, तिच्या मैत्रिणीकडं गेल्या वर्षी आलेला, मग काय, आठवडाभर तोंड फुगवून बसली, शेवटी भरले पैसे.

केकचं आधी बोलू. मऊ होता, वास पण दालचिनीचा छान. पण प्लम केक म्हणजे मनुका पाहिजेत की नाय? जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणायचे, म्हणून ते नाव. इथं घासाघासाला लाल हिरवी टुटीफ्रुटी, म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई! बेदाण्याचं तासगाव हाकेच्या अंतरावर, सांगलीच्या बेदाण्याला जीआय (म्हणजे इथलाच खास माल म्हणून सरकारी शिक्का) मिळालेला, आणि आमच्या केकात मोजून सात बेदाणे. मोजलेत मी, कारण सांता येईपर्यंत दुसरं कामच नव्हतं.

७ ते ८ चा सांता आला ९:२० ला. मी गॅलरीतून बघत होते, स्कूटीवरनं उतरला, खिशातनं दाढी काढली, आरशात बघून लावली आणि जिना चढताना एका हातानं पँट धरलेली, नाडी ढिली असणार. वीस बावीस वर्षांचं पोरगं, आवाज बारीक, "हो हो हो" म्हटलं तर खोकलाच आला त्याला. पोरगीनं पहिला प्रश्न टाकला, तुमचं हरण कुठाय? हा म्हणतो, "खाली लावलंय, पार्किंगला जागा नव्हती." तिथंच त्याचे पाच स्टार फिक्स झाले. पण पुढच्या मिनिटाला माझ्याकडं वळून, "मॅडम, तेवढा ओटीपी सांगा." आणि मग फोटो, बेकरीचं नाव दिसेल असा खोका धरून, तो टाकून टॅग केलं की पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट. पोरगी विचारते, सांताला पण ओटीपी लागतो का गं? काय सांगणार.

खरं तर ज्याच्यावरनं हा सांता आला तो संत निकोलस, आत्ताच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, दीड हजार वर्षांपेक्षा जुना माणूस. त्याची गोष्ट अशी सांगतात की तीन गरीब पोरींच्या हुंड्यासाठी त्यानं रात्री गुपचूप खिडकीतनं पैशाच्या थैल्या टाकल्या, कुणाला कळू नये म्हणून. आणि आपल्याकडं टॅग केल्याशिवाय सूट नाय. व्हॉट्सअपवर दरवर्षी फिरतं की लाल सांता कोकाकोलानं बनवला, ते काय पूर्ण खरं नाय, लाल कपडे आधीपासून होते, पण १९३१ पासून त्यांच्या जाहिरातींनी तो गोल गरगरीत हसरा चेहरा जगभर पोचवला हे मात्र खरं.

हे सगळं मी समोरच्या मावशींना ऐकवत होते. त्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, १८९४ पासूनचं ते वॉनलेस, तिथं नर्स होत्या, आता रिटायर. मला वाटलं त्या हो ला हो करतील, तर म्हणाल्या, "अगं, आमचा दारातला स्टार पण विकतचाच आहे, पूर्वी कामट्या आणि जिलेटिन पेपरचा करायचो, आता कुणाला वेळ आहे? तुम्ही दिवाळीत लक्ष्मीपूजनाला फ्रिज आणता तेव्हा कोण काय म्हणतं का?" गप्प बसले मी. त्यांच्याकडं रात्री चर्चची कॅरोलची पोरं येतात, ढोलकी गिटार घेऊन, त्यातलं एक नाताळबाबा होऊन नाचतं, पाकिटात पैसे ते पण घेतात, पण चहा न पिता कुणी हलत नाय म्हणे.

आणि मग त्यांनी आमच्या सांताला आत बसवलं. दाढी काढ म्हणाल्या, घामानं मान लाल झालेली त्याची. पुढ्यात ताट, करंज्या, शंकरपाळे, चकली, सगळा दिवाळीसारखाच फराळ असतो त्यांच्यात. पोरानं सकाळी वडापाव खाल्लेला, त्यावर तसाच, अजून अकरा घरं बाकी, आणि उशीर झाला की पैसे कापतात म्हणाला. बेकरीवाल्यांनो, हे वाचत असाल तर एका पोराला एका संध्याकाळी किती घरं देताय ते जरा बघा, सात आठच्या वर देऊ नका, आणि स्लॉट पाळायला जमत नसेल तर स्लॉट लिहू नका. बेदाणे वाढवा.

तो खाली गेला तेव्हा पोरगी गॅलरीतनं हरण शोधत होती. तो टोपी विसरून गेलाय, आमच्याकडंच आहे, पॅकेजमधली नव्हे, त्याची स्वतःची. कुणाला पाठवून घेऊन जावा, फक्त सकाळी शाळेच्या वेळेत, ती घरी असली तर देणार नाय.