फ्लोरिडा कीजमध्ये मोटरहोमने: बाहिया होंडा उद्यानातील मुक्काम

न्यू जर्सीच्या थंडीला कंटाळलेल्या निवृत्त दांपत्यांना फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील कीज या बेटमालिकेतल्या बाहिया होंडा राज्य उद्यानातील मोटरहोमचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) मुक्कामतळ मी निःसंकोच सुचवेन. मात्र आरक्षण फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आणि बाहेरच्यांना १० महिने आधी खुले होत असल्यामुळे, हिवाळ्यातील जागा मिळवणे हेच या सहलीतील सर्वांत अवघड काम आहे. बटनवुड विभागात मोठी गाडी व्यवस्थित मावते आणि वीज-पाण्याची सोयही आहे. बेसाइड विभागाचा रस्ता मात्र महामार्गाच्या ठेंगण्या पुलाखालून जातो, त्यामुळे मोटरहोमवाल्यांनी त्याचा नाद सोडावा.

आम्हा दोघांना सर्वाधिक भावला तो जुना रेल्वेपूल. उद्योगपती हेन्री फ्लॅगलर यांची रेल्वे १९१२ मध्ये बेटमालिकेच्या टोकाच्या ‘की वेस्ट’ला पोहोचली, १९३५ च्या चक्रीवादळाने तिची वाताहत केली आणि १९३८ मध्ये तिच्याच मार्गावरून महामार्ग सुरू झाला. पण या पुलाचा लोखंडी सांगाडा आतून अरुंद असल्याने मोटारींसाठी रस्ता चक्क त्याच्या माथ्यावर बांधावा लागला. आज त्यावरच्या काही भागापर्यंत चढता येते. गुडघे दुखत असूनही यजमान संध्याकाळी तिथून हलायला तयार नसत!

भाड्याच्या गाडीबद्दल मात्र समाधान नाही, कारण सांडपाण्याची नळी गळकी निघाली आणि कंपनीने फोनवर नुसती टोलवाटोलवी केली. गाडी ताब्यात घेतानाच ही नळी तपासावी. शेजारच्या ‘बिग पाइन की’ बेटावर ‘की डिअर’ ही ठेंगणी हरणे रस्त्यावर येतात, म्हणून रात्री वेग कमी ठेवावा.