मिरजेचा लेडीज तानपुरा : शाळेच्या गायनवृंदासाठी घ्यावा का?

वृंदात पुढे म्हणणारा मुलगा किंवा मुलगी निवडायची असेल, तर परीक्षा पेटीवर (हार्मोनियमवर) घेऊ नका. पेटी एकेक सूर हातात देते, मूल तिच्यामागे चालतं आणि पक्कं वाटतं. तानपुरा फक्त षड्ज-पंचम (सा आणि प) देतो, बाकीचं मुलानं स्वतः लावायचं. चांगली जवारी (तारा टेकतात त्या घोडीला घासून दिलेला उतार) असलेल्या मिरजेच्या तानपुऱ्यात खरजाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, तारेच्या नादातून गंधारही (ग) स्पष्ट ऐकू येतो. पेटीचा शुद्ध गंधार त्याहून किंचित चढा असतो, त्यामुळे नुसत्या पेटीवर तयार झालेलं मूल नेमकं तिथेच उघडं पडतं. एवढ्यासाठीसुद्धा हे वाद्य शाळेत असायला हवं.

घ्यायचा तो लेडीज, म्हणजे बायकांच्या उंच पट्टीसाठीचा लहान तानपुरा. आवाज फुटण्याआधी मुलगे आणि मुली साधारण एकाच पट्टीत, काळी चार ते काळी पाचला (पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी षड्ज धरून) गातात. जेंट्स तानपुरा तिथवर चढवला तर तारा तुटतात. पहिल्या तीन तारा पोलादी, खरजाची पितळी. दुकानात तार ताणायची खुंटी पिळून सोडून पाहा, ती मागे सरकता कामा नये. तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी हलवल्यावर सूर थोडाच बदलावा. जवारीचा दोरा तार आणि घोडीच्या मध्ये सरकवत नेला की एका जागी आवाज गोल उघडतो. चारही तारांना अशी जागा सापडत नसेल, तर जवारी तिथल्या तिथे काढून मागा. मिरजेहून घेण्याचा मोठा फायदा हाच की कारागीर समोर असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं.

परीक्षा अशी घ्या. तानपुरा चालू ठेवून आकारात (‘आ’ म्हणत) षड्ज लावायला सांगा. मग तानपुरा थांबवून अभंगाच्या दोन ओळी म्हणवून घ्या, आणि पुन्हा छेडा. षड्ज उतरलेला असेल, तर बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी श्वास संपतो म्हणून. ते महिनाभरात सुधारतं. तार सप्तकात (वरच्या सुरांत) ओरडणाऱ्या मुलाला मात्र पुढे उभं करू नका, सगळा वृंद त्याच्यामागे ओरडतो. सर्वांत मोठा आवाज हा निकष मुळीच नाही. उठाव (ओळीची सुरुवात) बिनचूक करणारं, ठेका न सोडणारं आणि शेजारचं धाकटं पोर चुकलं तर त्याला सावरून घेणारं मूल हवं. इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांच्या (मोठ्या चर्चच्या) गायनवृंदांतही पुढे उभं राहण्याचा मान सहसा शेवटच्या वर्षातल्या, तेराएक वर्षांच्या मुलाला देतात, आणि धाकट्यांना सांभाळणं हा त्या कामाचाच भाग असतो. त्याच वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. म्हणून खालच्या इयत्तेतलं दुसरं मूल आधीपासून तयार ठेवा.

आता उणिवा. पावसाळ्यात लाकूड दमट होतं, खुंट्या फुगून अडकतात आणि आवाज बसतो. उन्हाळ्यात त्याच खुंट्या सुटतात, तेव्हा थोडा खडू लावा. भोपळा नाजूक, बाकाचा कोपरा लागला तरी तडकतो, म्हणून भिंतीला टेकवून ठेवू नका, कोपऱ्यात आडवा ठेवा. रोज वाजणाऱ्या वाद्याची जवारी काही वर्षांनी घासते, ती पुन्हा काढावी लागते. आणि शाळेत तारा जुळवणारं कोणीच नसेल, तर सध्या इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्या. बेसूर जुळलेला खरा तानपुरा मुलांचा कान बिघडवतो.