खदानीवरची काळी माती: ढीग घालायचा की लगेच पसरायची?

आपल्या इंदूरकडे गिट्टीची (खडीची) खदान म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम, मग बेसाल्ट. मुरूम भरावाला खपतो. प्रश्न उरतो मातीचा: खोदून झालेल्या जागेवर ती परत पसरायची असते, मग तोवर ढीग घालायचा की लगेच पसरायची?

ढीग घालणं सोयीचं, खोदकाम अडत नाही. पण जागा वाचवायला डंपरवाले तो पाच-सहा मीटर चढवतात आणि तिथेच घोळ होतो. आतल्या मातीला हवा मिळत नाही, गांडुळं मरतात, वरून पोकलेन फिरलं की ती दबून घट्ट होते. माळव्यातल्या पावसात ती वाहून शेजारच्या गिट्टीत शिरली तर तो मालही गेला. माती लागलेली गिट्टी काँक्रीटला चालत नाही. ढीग घालायचाच तर दोन मीटरच्या आत, वर ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरून, भोवती चर खणून.

लगेच पसरायची तर एका बाजूचं खोदकाम संपलेलं हवं. लहान खदानीत ते अवघडच. पण जमत असेल तर मी हेच करीन: माती एकदाच उचलावी लागते, डिझेल वाचतं, तिच्यातलं गवताचं बी पहिल्या पावसात उगवतं. फक्त खालचा तळ आधी रिपरने (बुलडोझरमागच्या लोखंडी दाताने) फोडा, नाहीतर पाणी तुंबतं. आणि माती ओली असताना काम काढू नका, मालक कितीही घाई करो.