फियॉर्डचा पीओपी नमुना: कडे झकास, तळ चुकलेला

शाहूपुरीतल्या एका मूर्तिकाराकडे भूगोल प्रयोगशाळेसाठी पीओपीचे उठावाचे नमुने करून मिळतात. त्यातला नॉर्वेच्या सोग्नेफियॉर्डचा, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या आणि समुद्राचं पाणी शिरलेल्या खोल दरीचा, नमुना जरूर घ्यावा, पण तळ दुरुस्त करून देण्याच्या बोलीवरच.

२०५ किलोमीटरचा फियॉर्ड वळणांसकट सुमारे एक मीटरमध्ये बसवलाय, म्हणजे १ सेंटीमीटरला साधारण २ किलोमीटर. त्याच प्रमाणात १,३०८ मीटरची कमाल खोली जेमतेम साडेसहा मिलिमीटर भरली असती. म्हणून उभं प्रमाण दहापट घेतलंय. ते योग्यच, पण पाटीवर तशी नोंद नाही. मुलांना कडे खरोखर इतके उभे असल्याचं वाटेल.

कड्यांचं काम मात्र फर्मास. यू आकाराची दरी नीट उतरलीय. लोंबत्या दऱ्या (उपहिमनद्यांच्या, कड्यावर उंचावरच संपणाऱ्या दऱ्या) मुख्य दरीच्या तळापर्यंत न आणता वरच तोडल्यात, आणि तिथून धबधबे सोडलेत.

खरी गडबड मुखाशी. तळ समुद्राकडे उतरत नेलाय. प्रत्यक्षात उलट असतं: आत उपहिमनद्या मिळून बर्फ जाड झाला, त्याने तळ खोलवर खरवडला, मुखाशी बर्फ पसरून पातळ झाला आणि तिथे तळाचा उंचवटा, म्हणजे उंबरठा, राहिला. सोग्नेच्या मुखाशी पाणी १०० ते २०० मीटरच. म्हणजे नमुन्यात उंबरठ्याचा माथा पाणपातळीखाली अर्धा ते एक सेंटीमीटर हवा. भर घालताना जुना पृष्ठभाग खरवडून ओला करायला सांगा. कोरडा पीओपी नव्या थरातलं पाणी ओढतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो.

सोबतच्या नावांच्या तक्त्यात न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड रिया किनाऱ्यात (समुद्रात बुडालेल्या नदीच्या दऱ्यांत) टाकलाय आणि डेन्मार्कचा लिमफियॉर्ड फियॉर्डांत. नावावर जाऊन केलेली वर्गवारी! मिलफर्ड साउंड हिमनदीनेच कोरलाय. गंमत म्हणजे ज्या वेल्समधल्या मिलफर्ड हेवनवरून त्याचं नाव पडलं, ती मात्र रियाच. लिमफियॉर्ड उथळ आणि दोन्ही टोकांना समुद्राला उघडा. फियॉर्ड फक्त नावाचा. तक्ता पुन्हा छापाल तेव्हा १९९८ पासूनचं अधिकृत जोडनाव ‘मिलफर्ड साउंड / पिओपिओताही’ द्यावं.

रंग पक्का आहे, पण खालची बाजू कोरीच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती ओल धरते, तेव्हा तिथेही वॉर्निशचे दोन हात मारून घ्या आणि नमुना भिंतीपासून लांब, लाकडी घडवंचीवर ठेवा. ऑर्डर दिवाळीनंतरच द्यावी. गणपतीच्या हंगामात दुरुस्तीला कुणाला सवड नसते.